धुरी आणि फुप्फुसातल्या खोल्या

मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत काही घरी अजूनही बंब पेटतो तो नारळाच्या सोडणांवर. घरात बाळंतीण असली की त्यातलेच निखारे शेगडीत येतात. न्हाऊ घातलेल्या बाळाला त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धुरी द्यायची. बाळ गाढ झोपतं. आजी म्हणते, छाती मोकळी झाली.

त्या छातीत तेव्हा बांधकाम ऐन जोरात असतं. बाळाचं फुप्फुस म्हणजे मोठ्या माणसाच्या फुप्फुसाची छोटी प्रतिकृती नव्हे. श्वासनलिकांच्या फांद्या आईच्या पोटातच फुटून होतात. पण प्राणवायू रक्तात जिथे शिरतो, ती टोकं जन्मवेळी बरीचशी गुळगुळीत, ऐसपैस पिशव्याच असतात. प्रौढाच्या फुप्फुसांत या टोकांवरच्या चिमुकल्या खोल्या, म्हणजे वायुकोश, सरासरी ४८ कोटी. त्यांतले बहुतेक जन्मानंतर तयार होतात.

कसे? पिशवीच्या भिंतीत काही पेशी ठरावीक रेषांवर इलॅस्टिन नावाचं लवचीक प्रथिन घालतात. त्या रेषेवर भिंतीला कंगोरा येतो, तो केशवाहिन्यांची घडी सोबत घेऊन आत वाढतो, आणि सोप्यात कूड घालून खोल्या पाडाव्यात तशी एका पिशवीची अनेक दालनं होतात. १९९६ मध्ये या पेशींना बोलावणारा एक रासायनिक संदेश उंदरांमध्ये बंद करून पाहिला. जगलेल्या पिल्लांच्या फुप्फुसांत कूड उठलेच नाहीत, नुसत्या पोकळ पिशव्या राहिल्या. नव्या भिंतीत सुरुवातीला केशवाहिन्यांची दुहेरी जाळी असते. पुढे ती एकेरी होते आणि हवा व रक्त यांमधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ होतो.

पहिल्या दोन वर्षांत हा वेग सर्वांत जास्त. पुढे काम थांबतं, असं पाठ्यपुस्तकं सांगत. पण २०१२ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरच्या संशोधकांनी ७ ते २१ वर्षांच्या शंभरावर मुलांना हेलियम हुंगवून मोजमाप केलं. वयाबरोबर फुप्फुस वाढलं, कोशांचा आकार मात्र फारसा वाढला नाही. म्हणजे नवे कोश होतच होते.

धुरीआधीही एक पाहुणा येऊन गेलेला असतो: आईची मशेरी. तंबाखू ओढत नाही, दातांना लावते, एवढ्यावर घरोघरी समाधान असतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या सुमारे १२०० गर्भवतींच्या अभ्यासात अशा धूरविरहित तंबाखूने बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी घटलेलं दिसलं, मुदतीआधीची बाळंतपणंही वाढलेली. निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. गाभण माकडिणींना ते दिलं, तेव्हा पिल्लांची फुप्फुसं खुरटली.

मालीश चालू द्या, पाणी सोसेल इतपत ऊन असू द्या. पण मिनिटाला चाळीस श्वास घेणाऱ्या तान्ह्याला बंद खोलीत धूर देण्याचं कारण माझ्या समजुतीत बसत नाही. सोडणांचा असो वा ओव्याचा, धूर तो धूर.

‘आमची पोरं वाढलीच की,’ असं कोणी म्हणेल. वाढली, खरंय; फुप्फुसात राखीव जागा मुबलक असते, लहानपणी तूट कळत नाही. क्षमता विशी-पंचविशीत शिखर गाठते आणि मग उतरते. २०१५ मध्ये काही हजार प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या, तेव्हा उतारवयात श्वासमार्ग अरुंद होण्याचा आजार जडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची क्षमता चाळिशीच्या आतच तोकडी होती.