ढोल गल्लीत, ताप तालमीत

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पोरांचं मंडळ म्हटलं की मागं बहुतेक एखादी तालीम असतेच. पाटाकडील, बालगोपाल ही नावं आज फुटबॉलमुळे गाजतात, पण नावातली तालीम काही सुटलेली नाही. आणि योगायोग बघा, आपल्याकडं फ्लूची मोठी लाट येते ती पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. म्हणजे ऐन गणपतीच्या तयारीत. 2009 मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तो 3 ऑगस्टला, अन् गणेश चतुर्थी होती 23 ऑगस्टला.

अशा वेळी मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, सरावाला पोरं किती जमवायची? माझ्या मते त्याआधी विचारावं, जमवायची कुठं?

1977 साली अलास्कात एक विमान इंजिन बिघडल्यानं तीन तास जमिनीवरच अडकलं. आत 54 माणसं, त्यातली एक फ्लूनं फणफणलेली आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद. पुढच्या तीन दिवसांत प्रवाशांपैकी 72 टक्के आजारी पडले! एकाच्या खोकल्यानं एवढं केलं, कारण त्या हवेला बाहेर जायला वाटच नव्हती.

आता जुन्या धाटणीची तालीम आठवा. जाड भिंती, वाकून शिरावं लागेल असं दार, पाऊस आत येतो म्हणून लावलेली खिडकी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आतबाहेर करतो. झटापटीत घामाघूम झालेल्या तगड्या गड्याचा भाता शंभर लिटरपर्यंत जातो. कुस्तीची एक जोड म्हणजे श्वासाच्या हिशोबानं पंचवीस-तीस माणसांची खोली! तीच पोरं मोकळ्या गल्लीत झांज वाजवत अंतर राखून उभी राहिली, तर त्यांचा श्वास वाऱ्यावर विरून जातो. म्हणून लाटेच्या दिवसांत सराव मैदानात घ्यावा, तालमीत घ्यायचाच तर दार-खिडक्या उघडून आणि चार-चार पोरांच्या ठरलेल्या तुकड्यांत.

‘खोकणाऱ्याला घरी पाठवू’ हे बरोबरच, पण पुरेसं नाही. अंगात कणकण येण्याच्या एक दिवस आधीपासूनच फ्लू दुसऱ्याला लागू शकतो. काल ज्यानं आरोळ्या ठोकल्या, त्याला ताप आज चढतो.

हा विषाणू स्टीलच्या तांब्यावर दिवस-दोन दिवस टिकतो, कापडावर आठ-बारा तास आणि हातावर जेमतेम पाच मिनिटं. पण हात तोंडाकडं जायला पाच मिनिटं कशाला लागतात? साबण मात्र त्याचं चरबीचं कवचच विरघळवतो. तेव्हा थंडाईचा पेला ज्याचा त्याचा, पंचाही ज्याचा त्याचा.

तालमीतला एक जुना समज मात्र मोडायलाच हवा: जोर-बैठका काढून घाम गाळला की ताप पळतो. फ्लूमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, आणि तेव्हा मेहनत जिवावर बेतू शकते. औषध न घेता चोवीस तास ताप नसेल, तरच पोरगं मंडळात परत यावं. लाल मातीत उतरायला त्याहून जास्त दिवस थांबावं, आणि छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर आधी डॉक्टर, मग वस्ताद.