तार कुणाच्या शेतावरून?

कच्छमधल्या खावड्याची सौरवीज दक्षिण गुजरातेत आणायची, तर ७६५ किलोव्होल्टची वाहिनी लागते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा होतो आणि तारा तापून वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते. पण दाब वाढला की मनोरे उंचावतात, आणि दुहेरी वाहिनीखालचा राखीव पट्टा होतो ६७ मीटर रुंद. त्यात ऊस घेता येतो. आंब्याची वाडी किंवा घर नाही. सुरत-नवसारीकडचा शेतकरी अडून बसतो तो इथे.

मार्ग ठरवतो कोण? वाहिनी हवी की नको, हे दिल्लीत ठरतं. मनोरा नेमका कुठे, हे बांधणारी कंपनी सर्वेक्षण करून ठरवते. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ नुसार तिला सरकार १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. मग मालकाची संमती लागत नाही. गंमत अशी, की २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढायचं ठरवलं, पण वीजवाहिन्यांपुरती ही कलमं राखून ठेवली! मालकाला न विचारण्याची ही ब्रिटिश रीत आज तरी शोभत नाही.

भरपाई मात्र सुधारली. जून २०२४ च्या केंद्रीय सूचनांनुसार मनोऱ्याखालच्या जागेला जमीनमूल्याच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. पूर्वी ८५ आणि जास्तीत जास्त १५ होते. पण या सूचना लागू करणं राज्याच्या हाती.

बांधावर सर्वेक्षणाच्या खुणा दिसल्या, तर पाया खणण्याआधीच कलेक्टरकडे लेखी हरकत द्या. भरपाईचा वाद जिल्हा न्यायालयात जातो.