वाळवंटात जाकीट कशाला?

अमेरिकेच्या यूटा राज्यात झायन, ब्राइस कॅन्यन अशी राष्ट्रीय उद्याने आहेत. नाव उद्यान, पण फुलझाडांऐवजी तेथे तांबड्या खडकांचे कडे आणि सुळके! अनेक जण मोटारसायकलवरून एकटेच हा प्रदेश पाहतात. उन्हाळ्यात ब्राइसच्या सुमारे २,४०० मीटर उंच कड्यावर हवा सुखद असते. तेथून झायनच्या दरीत, म्हणजे सुमारे १,२०० मीटरवर उतरावे, तर पारा ४० अंश सेल्सिअसच्या घरात! वाटते, जाकीट काढावे, वारा लागू द्यावा.

पण धोका येथेच आहे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून गरम असली, की वाराच अंगाला उष्णता देऊ लागतो. मग शरीराला आधार उरतो घामाचा. १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. मात्र कोरड्या, वेगवान वाऱ्यात घाम येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडेच राहिल्याने शरीरातले पाणी किती घटले, हे स्वाराला कळत नाही. मग एकाएकी भोवळ येते. आणि मदतीला सोबत कोणीच नाही!

म्हणून जाणता स्वार ओला सदरा घालून वर जाकीट चढवतो. पाणी सावकाश उडते, गारवा टिकतो. तहान लागण्याची वाट न पाहता तो पाणी पितो. दिवसाला माणशी सुमारे ४ लिटर पाणी जवळ बाळगावे, असे तेथे सांगितले जाते.

एक बोट ओले करून दोन्ही बोटांवर फुंकर घाला. कोणते गार लागते?