नर्स व्हायचंय? मग अकरावीचा फॉर्म जपून भरा

निमगाव केतकीत दहावीचा निकाल लागला, की पानमळ्यात कामाला जाणाऱ्या आया एकमेकींना विचारतात, "पोरीला पुढं काय करायचं?" "नर्स" हे उत्तर आम्ही पुष्कळ घरांत ऐकतो. पण त्याच पोरीचे नाव सोयीचे म्हणून कला शाखेत घातलेले असते. फसगत होते ती इथेच.

बी.एस्सी. नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी. तिला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतेच, शिवाय सीईटी. कलेच्या मुलीला हे दार बंद. तरी तिने खचू नये. ३ वर्षांचे जीएनएम कोणत्याही शाखेतून करता येते. बारावीला ४० टक्के हवेत आणि इंग्रजी सुटलेले हवे. पुढे २ वर्षांचे पोस्ट बेसिक केले, की पदवीही मिळते. एएनएम २ वर्षांचे. आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाई तेच शिकलेल्या असतात.

फी भरण्याआधी एवढे विचाराच : महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होणार का? सहा महिन्यांच्या 'नर्सिंग'च्या जाहिराती आम्हीही पाहतो. त्या कागदावर नोंदणी होत नाही.

बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या. पण राखीव जागेला जात पडताळणी लागते, आणि तिचा अर्ज बारावी विज्ञानात असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात पुण्याला धावलेला एक बाप आम्ही पाहिला. आजोबांचा शाळेचा दाखला गावीच राहिला होता.