एका फुटाला चार मिलिमीटर : ब्रिटिश मॉडेल रेल्वेतून प्रमाणाचा धडा



गुणोत्तर-प्रमाण आपण दरवर्षी शिकवतो. नकाशाचं प्रमाण, डझनभर केळ्यांची किंमत, इतके मजूर इतके दिवस, आणि धडा संपतो. मुलं उत्तर बरोबर काढतात, पण "सगळं सारख्याच पटीत लहान केलं तर खरंच तसंच राहतं का?" हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो पडावा म्हणून आज ब्रिटनमधल्या एका छंदाची ओळख करून देणार आहे.

तिथे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणं हा मोठ्या माणसांचाही छंद आहे. भिंतीलगत एक लांब फळी, तिच्यावर रूळ, स्टेशन, पूल, कुरणात गुरं, आणि मधून धावणारी गाडी. सर्वात जास्त चालणाऱ्या प्रमाणाला 'डबल ओ' म्हणतात. खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये चार मिलिमीटर. (फूट आणि मिलिमीटर एकाच वाक्यात! आपण मुलांचे गुण कापले असते.) एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, म्हणून हे प्रमाण साधारण १:७६ होतं.

उदाहरणाला कोळशाची वाघीण घेऊ. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. इंग्रजी 'वॅगन'ला आपल्या लोकांनी वाघ-वाघिणीच्या घरात नेऊन बसवलं, हे भाषेच्या तासाला जरूर सांगा. १९४८ साली ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्यानंतर कोळशासाठी १६ टनी पोलादी वाघिणी प्रचंड संख्येने बनल्या. लांबी साडेसोळा फूट, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर नऊ फूट. मॉडेलमध्ये ६६ मिमी आणि ३६ मिमी. इथपर्यंत गणित सरळ आहे.

आता रुळांकडे या. ब्रिटनमध्ये दोन रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच. चारने गुणलं की १८.८३ मिमी यायला हवं. पण डबल ओचा रूळ असतो १६.५ मिमीचा! चूक कुणाची? युरोप खंडात मॉडेलसाठी फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, त्या हिशेबाने १६.५ बरोबर येतं. ब्रिटनमधले पूल आणि बोगदे मात्र सुरुवातीच्या काळातले, अरुंद. त्यामुळे तिथली इंजिनंही अंगाने लहान. साडेतीनच्या प्रमाणात ती इतकी बारकी व्हायची की त्या काळची मोटर आत मावेना. मग इंजिन-डबे चारच्या प्रमाणात मोठे केले आणि रूळ तेच ठेवले. हिशेब केला तर डबल ओची गाडी खऱ्या ४ फूट दीड इंचाच्या रुळावर धावते, म्हणजे तब्बल सात इंच कमी.

काही जणांना हे सहन झालं नाही. त्यांनी १८.२ मिमीचा 'ईएम' आणि १८.८३ मिमीचा 'पी-फोर' असे रूळ स्वीकारले. त्यासाठी चाकं बदलावी लागतात, पुष्कळदा रूळही हाताने बांधावे लागतात. बाकीचे म्हणतात, गाडी आपण बाजूने बघतो, सात इंच कुणाला दिसतात? दोन्ही बाजू वर्गात मांडून मुलांना भांडू द्या. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण ते शेवटपर्यंत सांगू नका.

वजनाचा भाग तर आठवी-नववीलाही पुरेल. खऱ्या रिकाम्या वाघिणीचं वजन साधारण सात टन. मुलं पटकन सात टन भागिले ७६ करतात आणि ९२ किलोची खेळण्यातली वाघीण काढतात! लांबी, रुंदी, उंची तिन्ही ७६ पटींनी घटल्या, म्हणून वजन ७६ च्या घनाने, म्हणजे सुमारे ४ लाख ३९ हजारांनी भागायचं. उत्तर येतं जेमतेम १६ ग्रॅम. इतकी हलकी वाघीण रुळावर टिकत नाही, वळणावर उलटते. म्हणून हे लोक एका आसामागे साधारण २५ ग्रॅम धरून चार चाकी वाघीण ५० ग्रॅमची करतात, प्रमाणापेक्षा तिप्पट जड. त्यासाठी ते शिसं वापरतात. आपण मुलांच्या हातात शिसं न देता लोखंडी नट ठेवावेत.

जाडीचंही तसंच. एक मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे खऱ्या मापात ७६ मिमी, तीन इंची पोलाद! खरा पत्रा काही मिलिमीटरचाच. पण इतका पातळ कागद उभा राहणार नाही. म्हणून भिंत जाड ठेवून फक्त वरची कड आतून तासून बारीक करतात, कारण वरून बघताना डोळ्याला तेवढीच दिसते.

रंगकाम हा मला सर्वात आवडणारा भाग. नव्या कोऱ्या राखाडी रंगाची वाघीण खेळणंच वाटते. ती खरी दिसावी म्हणून हे लोक जुने फोटो तासन्‌तास बघतात. गंज कुठे धरतो? ओला कोळसा आत असतो, म्हणून आतून जास्त. बाहेरून रंगाचे पोपडे निघतात, सांध्यांपासून ओघळ उतरतात. पोपड्यांसाठी एक छान युक्ती आहे. आधी तांबूस गंजाचा रंग द्यायचा, वाळला की किंचित ओला करून त्यावर जाडं मीठ टाकायचं. मीठ चिकटून सुकलं की वरून राखाडी रंग, आणि शेवटी मीठ चोळून काढायचं. खालचा गंज ठिकठिकाणी उघडा पडतो. वाघिणीवर एक तिरका पांढरा पट्टाही असतो. तो शोभेचा नाही. त्याचं वरचं टोक ज्या बाजूला, त्या टोकाला कोळसा ओतायचं दार. पट्टा उलटा काढला तर जाणकार लगेच हसतो.

देखाव्यात प्रमाण पूर्णच हार मानतं. एक मैल म्हणजे मॉडेलमध्ये २१ मीटर! चार मीटरच्या फळीवर जेमतेम हजार फूट मावतात. म्हणून रूळ पुलामागे किंवा झाडीत लपवतात आणि मागची घरं मुद्दाम लहान करतात. रुळांमधली खडी चिकटवायला फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाणी घालून ड्रॉपरने सोडतात, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो नसेल तर गोंदाचे मणी होऊन खडीवरच बसतात. पृष्ठीय ताण शिकवायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनहॅम गावातलं पेंडन संग्रहालय सांगावं. रॉय इंग्लंड हे ऑस्ट्रेलियातून आलेले गृहस्थ. तिथल्या खोऱ्यातली गवती छपरांची जुनी घरं बदलत चाललेली पाहून त्यांनी ती मोजून घ्यायला आणि पुठ्ठ्यात, फुटाला चार मिलिमीटरने, उभी करायला सुरुवात केली. १९२०-३० च्या काळातलं ते खेडं आज तिथे बघायला मिळतं.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, सहल जरूर न्या. स्टेशनरीच्या दुकानातून तयार थर्माकोलचं मॉडेल आणण्यापेक्षा मुलाने स्वतः मोजून केलेला एक वाकडा पुठ्ठ्याचा डबा मला तरी जास्त मोलाचा वाटतो.

तो डबा आपल्या गाडीचाच करायचा असेल तर हे गणित द्या. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिमीचा. तर फुटाला किती मिलिमीटर धरावेत, म्हणजे रूळ आणि डबा दोन्ही प्रमाणात बसतील? १६.५ भागिले ५.५, बरोबर ३. आपला जुना निळा आयसीएफ डबा साधारण ७० फूट लांब, म्हणजे २१० मिमीचा पुठ्ठा कापायला लागेल.