सॅमनच्या गळाची काठी

गळाची काठी ही दिसावयास अगदी साधी वस्तू आहे. एका टोकाशी मूठ, दुसऱ्या टोकाकडे निमुळता होत गेलेला शेंडा आणि दोरी ओवण्यासाठी मधे बसविलेल्या कड्या, एवढीच तिची रचना. तथापि ती किती वाकावी, कोठे वाकावी आणि वाकल्यावर किती त्वरेने सरळ व्हावी, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या खाडीपासून कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या सामुद्रधुन्यांपर्यंत, सॅमन मासा धरण्यासाठी ‘मूचिंग’ काठी वापरली जाते. तिच्या निवडीविषयी तेथील हौशी मासेमारांत पुष्कळ मतभेद आढळतात. या मतभेदांच्या मुळाशी पदार्थविज्ञानाचे काही सोपे नियम आहेत.

मासा आणि मूचिंग

पॅसिफिक महासागरातील सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीकडे परततो. त्याच्या जातींपैकी चिनूक ही सर्वांत मोठी. अलास्कातील केनाई नदीत १९८५ साली गळाला लागलेल्या एका चिनूकचे वजन ९७ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलोग्रॅम भरले होते. नेहमी मिळणारे मासे याहून पुष्कळ लहान असले, तरी तेही बळकट आणि चपळ असतात. मात्र सॅमनच्या तोंडाचा काही भाग मऊ असल्यामुळे फार जोराने ओढल्यास गळ मांस फाडून निसटतो.

इंग्रजीतील ‘मूच’ या क्रियापदाचा एक अर्थ रेंगाळणे असा आहे, आणि तो या पद्धतीला शोभतो. डोके तिरपे कापलेला हेरिंग मासा आमिष म्हणून गळाला लावतात, दोरीला काही औंस शिसे बांधतात आणि वाहत्या पाण्यात नाव हळूहळू सरकू देतात. तिरप्या कापामुळे आमिष पाण्यात गिरक्या घेते आणि जखमी माशासारखे भासते. सॅमन पुष्कळदा ते प्रथम हलकेच चावून पाहतो. काठीचा शेंडा ताठ असेल तर माशाला लगेच विरोध जाणवतो व तो आमिष टाकून देतो. म्हणून मूचिंगची काठी लांब, साधारणतः साडेआठ ते साडेदहा फुटांची, आणि मऊ शेंड्याची करतात.

डाउनरिगरचे काम

मासे खोल पाण्यात असले की हलके शिसे पुरेसे होत नाही. तेथे डाउनरिगर हे साधन उपयोगी पडते. नावेच्या काठावर बसविलेल्या रहाटावरून पोलादी तार किंवा मजबूत दोरी पाण्यात सोडतात. तिच्या टोकाला सुमारे १० ते १५ पौंडांचा शिशाचा गोळा असतो. गोळ्याजवळ एक चाप असतो आणि गळाची दोरी त्या चापात अडकवितात. गोळा आमिषाला हव्या त्या खोलीवर नेतो. माशाने ओढ दिली की दोरी चापातून सुटते. त्यानंतर माशाला गोळ्याचे वजन ओढावे लागत नाही.

१९६६ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्याने मिशिगन सरोवरास मिळणाऱ्या नद्यांत कोहो सॅमनची पिले सोडली. उन्हाळ्यात त्या सरोवराचा वरचा थर उबदार होतो आणि सॅमन खालच्या थंड थरात राहतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या गरजेतून डाउनरिगरचा तेथे मोठा प्रसार झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरही आज हे साधन सर्वत्र दिसते, आणि त्याच्यासोबत बहुधा जुनीच मूचिंग काठी वापरली जाते. एका कामासाठी बनविलेली काठी दुसऱ्या कामाला इतकी योग्य का ठरावी, हे पाहण्यासारखे आहे.

सैल दोरीचे गणित

समजा, चाप नावेखाली ३० मीटर खोल आहे आणि आमिष त्याच्या १० मीटर मागे आहे. काठीपासून चापापर्यंत आणि तेथून आमिषापर्यंत दोरीची लांबी ४० मीटर झाली. चाप सुटला की काटकोनाच्या दोन बाजूंऐवजी दोरीला फक्त कर्ण गाठावयाचा असतो. पायथागोरसच्या सिद्धांताने त्याची लांबी सुमारे ३१.६ मीटर येते. म्हणजे क्षणार्धात ८ मीटरांहून अधिक दोरी सैल पडते. प्रत्यक्षात प्रवाहामुळे तार मागे झुकते आणि पाण्याच्या विरोधामुळे दोरीत थोडा ताण टिकतो. तरीही सैलपणा राहतोच. नाव ताशी अडीच सागरी मैल वेगाने जात असली, तर केवळ तिच्या गतीने तो नाहीसा होण्यास सुमारे सहा सेकंद लागतील.

हा अवधी धोक्याचा असतो. ब्रिटिश कोलंबियाच्या खाऱ्या पाण्यात आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर सॅमनसाठी उलटा काटा नसलेले गळ वापरावे लागतात. असे गळ माशाच्या तोंडातून सहज काढता येतात, परंतु दोरी सैल पडताच ते आपोआपही सुटतात. पहिल्या क्षणी ताण राखण्याचे काम काठी करते. दोरी चापात अडकविल्यावर मासेमार ती रिळावर गुंडाळून काठीचा शेंडा पाण्याकडे पुरता वाकवून ठेवतो. चाप सुटताच काठी सरळ होऊ लागते आणि मीटरभर दोरी उचलून घेते. उरलेली दोरी मासेमाराने त्वरेने रिळावर घ्यावयाची असते.

वाकलेली काठी ही या अर्थाने ताणलेल्या धनुष्यासारखी आहे. एक किलोग्रॅम वजनाइतक्या ओढीने शेंडा एक मीटर खाली आला असेल, तर काठीत सुमारे ५ जूल ऊर्जा साठते. आखूड व ताठ काठी तेवढ्याच ओढीने थोडीच वाकते; म्हणून ती ऊर्जाही थोडी साठविते आणि दोरीही थोडीच उचलते.

लांबी आणि जाडी

लांबीचा परिणाम शाळेत सहज पाहता येतो. बांबूची एक सारख्या जाडीची कामटी टेबलाच्या कडेला घट्ट धरून ३० सेंटिमीटर बाहेर ठेवावी. टोकाला असे लहान वजन टांगावे की टोक एक सेंटिमीटर खाली येईल. मग कामटी ६० सेंटिमीटर बाहेर काढून तेच वजन टांगावे. आता टोक सुमारे ८ सेंटिमीटर खाली येईल. वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम यातून दिसतो. जाडीचा परिणाम याहूनही मोठा आहे: गोल भरीव काठीचा व्यास दुप्पट केल्यास तिचा ताठपणा सोळापट होतो. म्हणूनच निमुळत्या काठीचा शेंडा बोटभर ओढीने झुकतो आणि मुठीजवळचा भाग मोठ्या माशालाही दाद देत नाही.

लांबीचा एक तोटाही ध्यानात ठेवावा लागतो. काठी ही तरफ आहे, आणि तिची लांब बाजू माशाकडे असते. काठी जितकी लांब, तितका मासेमाराच्या मनगटावर भार अधिक.

बांबू, काच आणि कार्बन

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या पट्ट्या जोडून काठ्या तयार करीत, आणि तो बांबू कलकत्त्याहून जात असे. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूच्या. कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनाने हलका असतो. त्यामुळे कार्बनची काठी हातात हलकी वाटते व माशाचा हलका चावाही लगेच जाणवतो. काचतंतू मात्र तुटण्यापूर्वी अधिक ताणला जातो. तासन्‌तास वाकून राहणाऱ्या आणि नावेच्या काठावर आदळणाऱ्या काठीला हा गुण मोलाचा आहे. पुष्कळ काठ्यांत म्हणून दोन्ही तंतूंचे मिश्रण करतात.

दोरीचाही येथे संबंध येतो. नायलॉनची एकेरी दोरी ताणली जाते व काही धक्का स्वतः सोसते. विणलेली पॉलिएथिलीनची दोरी जवळजवळ ताणली जात नाही. ती वापरणाऱ्याने काठी अधिक मऊ घ्यावी हे उचित होय.

निवडीची कसोटी

यावरून जितकी मऊ तितकी काठी चांगली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्यूजेट साउंडमधील चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त मानला जातो. त्याच सागरी प्रदेशातील ऑर्कांचा एक समूह मुख्यतः चिनूकवर जगतो, आणि तोही २००५ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मत्स्यबीज केंद्रांतून सोडलेल्या बहुतेक पिलांचा पाठीवरचा लहान मांसल पर कापून खूण केलेली असते. अशी खूण नसलेला, म्हणजे बहुधा नैसर्गिक पैदाशीचा, चिनूक अनेक हंगामांत पाण्यात परत सोडावा लागतो. फार मऊ काठीने झुंज लांबते, माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते, आणि सोडल्यानंतर थकलेला मासा दगावू शकतो किंवा सीलच्या तोंडी पडू शकतो.

उत्तम काठी म्हणून मध्यम मार्गाची असते. तिचा वरचा भाग चापाचा ताण सोसून पुरा वाकावा, आणि खालचा तिसरा हिस्सा मासा लवकर नावेपाशी आणण्याइतका बळकट असावा. विकत घेण्यापूर्वी तिची मूठ आडवी पक्की धरून शेंड्याला ओळखीचे वजन टांगावे आणि वाक कोठे सुरू होतो व कोठे संपतो ते पाहावे. काठीवर छापलेल्या आकड्यांपेक्षा ही परीक्षा अधिक सांगून जाते. खाण्यासाठी नेलेल्या माशाइतकाच जिवंत परत सोडलेला मासाही चांगल्या काठीची साक्ष देतो.