चांदीपुरा : साठ वर्षांनंतरही लशीविना

विषाणूंच्या जागतिक नोंदीत नागपूर परिसराचे नाव कायमचे कोरले गेले ते १९६५ साली. डेंगी आणि चिकुनगुन्या यांच्या तापाची साथ शहरात पसरलेली असताना दोन रुग्णांच्या रक्तात या दोहोंपेक्षा वेगळाच विषाणू आढळला, आणि चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव देण्यात आले. तो ओळखणारे पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून उभारले होते; म्हणजे या विषाणूचा शोधच मुळी आंतरराष्ट्रीय सहकार्याचे फळ होता.

हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. दोन-तीन मिलिमीटर लांबीची ही माशी साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते, आणि डासाप्रमाणे साचलेल्या पाण्यात नव्हे, तर भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर माती, शेण व पालापाचोळा अशा जागी अंडी घालते. त्यामुळे कूलर आणि टाक्या रिकाम्या करण्याची डेंगीविरोधी मोहीम येथे अपुरी पडते. नागपूरच्या हुडकेश्वरसारख्या, वाढत्या शहराने जुन्या गावाला वेढून घेतलेल्या भागात गोठ्यांची स्वच्छता, भेगा लिंपणे आणि भिंतींच्या खालच्या भागावर कीटकनाशकाची फवारणी हेच उपाय अधिक उपयोगी ठरतात.

लहान मुलांत हा संसर्ग मेंदूचा दाह घडवू शकतो. तीव्र ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी अशा क्रमाने तो इतक्या वेगाने वाढतो की काही रुग्ण एक-दोन दिवसांतच दगावतात. २००३ साली आंध्र प्रदेशातील उद्रेकात ३२९ मुलांना लागण होऊन १८३ मुले मृत्युमुखी पडली, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रातही रुग्ण आढळले. २०२४ च्या जून ते ऑगस्टदरम्यान भारतात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची व त्यांतील ८२ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हा वीस वर्षांतील सर्वांत मोठा उद्रेक ठरवला. तरीही या रोगावर ना लस आहे, ना नेमके औषध.

याचे कारण केवळ वैज्ञानिक नाही. उद्रेक अधूनमधून आणि विखुरलेले होतात, आणि त्यांत बळी पडतात ती बहुधा गरीब, ग्रामीण कुटुंबांतील मुले. अशा रोगाच्या लशीसाठी औषध कंपनीला बाजारपेठ दिसत नाही आणि एकट्या राज्याला किंवा देशाला तिचा खर्च पेलणे अवघड जाते. शिवाय हा विषाणू आफ्रिकेतील सेनेगलमध्येही वाळूमाशीत सापडला असल्याने तो केवळ भारताचा प्रश्न उरत नाही. सहकार्याचा अर्थ म्हणूनच विमानतळावरील तपासणीपुरता नसून संशोधनाचा खर्च आणि त्याचा लाभ वाटून घेणे असा आहे.

या वाटपाचा प्रश्न टाळता येणार नाही इतक्या स्पष्टपणे जगासमोर आला तो २००७ साली, जेव्हा इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले. आपल्या नमुन्यांतून बनलेल्या लशी आपल्यालाच परवडत नाहीत, ही त्या देशाची तक्रार होती. त्यातून २०११ साली साथीच्या इन्फ्लुएन्झासाठी नमुने व लाभ यांच्या वाटपाची चौकट तयार झाली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या महासाथ करारात हेच तत्त्व अन्य रोगजंतूंना लागू करण्याचे ठरले, मात्र त्याचा तपशीलवार आराखडा पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आला. हा करार महासाथीचा असल्याने एका प्रदेशात पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या छोट्या उद्रेकांसाठी निधी कोठून येणार, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

माणूस, पशू आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणाऱ्या राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातच झाली. गोठ्यातील माशी, तापलेले मूल आणि प्रयोगशाळेतील नमुना या तिन्हींची नोंद एकत्र ठेवणारी अशी संस्था दूरच्या देशांतील संशोधकांशी बरोबरीच्या नात्याने जोडली गेली, तरच नागपूरकडे नमुने पुरवणारे ठिकाण म्हणून न पाहता उपाय शोधणारा भागीदार म्हणून पाहिले जाईल.